पाणी शेवटी

दिवाळीत घरोघरी मुलांना एक गोष्ट बजावून सांगितली जाते. वात पेटली आणि फटाका फुटला नाही, तर त्याच्याजवळ जायचे नाही. थोडा वेळ थांबायचे, मग मोठ्या माणसाने लांबून त्यावर बादलीभर पाणी ओतायचे. पाणी पडले की धोका मिटला. चूल विझवायला पाणी, कडब्याच्या गंजीला आग लागली तरी पाणीच. हे शहाणपण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, पाणी हाच धोका असू शकतो ही कल्पनाही मनात येत नाही.

रसायनशाळेतल्या काही पदार्थांपाशी मात्र हे शहाणपण उलटते. प्रयोग संपतो, निकाल वहीत लिहिला जातो, आणि चंचुपात्राच्या तळाशी किंवा बाटलीत थोडा पदार्थ उरतो. या उरलेल्याला शांत कसे करायचे, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता आहे. मलाही तसेच वाटत होते. पण काही वर्षांपूर्वी एका तपकिरी बाटलीने माझा समज बदलला.

धाडच्या परिसरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा नव्या खोलीत हलवायची होती. लोणारच्या खारांविषयी मी बरीच वर्षे टिपणे जमवतो, त्यामुळे रसायनांच्या जुन्या नावांची मला थोडीफार ओळख आहे. तेवढ्या भांडवलावर मला बाटल्यांची यादी करायला बोलावले होते. कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात, रुंद तोंडाची एक तपकिरी बाटली निघाली. लेबल झुरळांनी खाल्लेले होते. 'सोडियम' एवढीच अक्षरे लागत होती. आत रॉकेल निम्म्यावर आलेले आणि त्यात चार-पाच ढेकळे. वरचे ढेकूळ उघडे पडून पांढरे झाले होते.

प्रयोगशाळेचे परिचर भाऊ म्हणाले, "दादा, याले मागच्या हिरीत टाकून देतो. त्या हिरीचं पानी तसंबी कोनी पेत नाही."

मी त्यांना थांबवले. सोडियम पाण्यात पेट घेतो, एवढे शाळेत शिकलेले आठवत होते. पण विहिरीत टाकायचा नाही तर मग त्याचे करायचे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. प्राचार्यांनाही नव्हते. ती बाटली इतकी वर्षे त्या फळीवर राहिली त्याचे कारणही बहुधा हेच असावे. विकत कशी घ्यायची हे सर्वांना माहीत होते, संपवायची कशी हे कोणालाच नाही.

देण्याची घाई

सोडियम ज्या गटात मोडतो त्या पदार्थांना आपल्या पाठ्यपुस्तकांत 'क्षपणक' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संस्कृतात क्षपणक म्हणजे सर्वसंगपरित्याग केलेला, वस्त्रही न ठेवणारा भिक्षू. 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर जीवसिद्धी वावरतो तो याच वेषात. रसायनशास्त्रातला क्षपणकही त्यागीच आहे. तो आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकतो. सोडियमच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सैलसर धरलेला असतो. घेणारा कोणी भेटला की तो लगेच दिला जातो.

धोका या देण्याच्या घाईत आहे. पाणी हा इलेक्ट्रॉन तत्परतेने घेणारा पदार्थ. सोडियम आणि पाणी समोरासमोर आले की देवघेव काही क्षणांत उरकते, आणि त्या क्षणांत दोन गोष्टी बाहेर पडतात: हायड्रोजन वायू आणि उष्णता. उष्णता तेवढी चुन्यातूनही निघते. दिवाळीआधी घराला चुना देण्यासाठी कळीचा चुना भिजवताना पाणी खदखदते ते अनेकांनी पाहिले असेल. पण चुन्यातून जळणारा वायू निघत नाही. इथे उष्णता आणि जळण दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी तयार होतात.

म्हणून उरलेल्या क्षपणकाला शांत करण्याच्या साऱ्या रीती एकाच विचारावर उभ्या आहेत. देणारा थांबणार नाही. तेव्हा घेणारा सावकाश घेणारा शोधायचा. वायूला निघून जायला वाट ठेवायची आणि उष्णतेला निवायला वेळ द्यायचा. मग त्याहून थोडा चपळ घेणारा आणायचा. पाणी शेवटी.

लोणार आणि लेनोर

गंमत अशी की, सोडियम आमच्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. लोणारचे सरोवर म्हणजे सोडियमच्या क्षारांचे भांडारच. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडाच्या वर्णनात या जागेचा उल्लेख काच आणि साबण करण्याच्या सामग्रीसाठी येतो. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खाराचे थर जमत. ते गोळा करणाऱ्यांनी त्यांना दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे दिली होती. या खारांतला मुख्य घटक म्हणजे सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ.

या क्षारांतल्या सोडियमने आपला इलेक्ट्रॉन कधीच देऊन टाकलेला आहे. तो आता शांत आहे. त्यावर पाणी ओतले तर तो नुसता विरघळतो. त्याला पुन्हा अशांत करायचे तर तो इलेक्ट्रॉन बळजबरीने परत द्यावा लागतो. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून तेच केले आणि चांदीसारखा चकाकणारा, सुरीने कापता येणारा हा धातू पहिल्यांदा वेगळा केला. बाटलीतल्या सोडियमच्या पोटात असते ती ही कोंडलेली वीज. त्याला निष्क्रिय करायचे म्हणजे बाटलीपासून लोणारपर्यंतचा परतीचा प्रवास घडवायचा. तो एका क्षणात घडवायचा की एका दुपारभरात, एवढाच प्रश्न.

एका क्षणात घडवल्याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लेनोर नावाचे तळे आहे. तोही बेसाल्टचा प्रदेश, पाणीही लोणारसारखेच अल्कधर्मी. जवळच्या दुसऱ्या तळ्याचे तर नावच 'सोप लेक', म्हणजे साबणतळे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारकडे कित्येक टन सोडियम पिंपांमध्ये पडून होता. १९४७ साली ती पिंपे लेनोरच्या काठावरून पाण्यात लोटण्यात आली. त्या वेळी घेतलेले चलच्चित्र आजही पाहता येते. पिंप पाण्यात पडते, क्षणभर काहीच होत नाही, मग पांढऱ्या धुराचा लोळ उठतो आणि पाण्याचे कारंजे उंच उडते. तळे मुळातच खारे, त्यात तेव्हा मासे नव्हते, म्हणून ते निवडले होते. म्हणजे त्यामागे विचार होता. पण तो पाण्यात काय उरेल एवढ्याचाच होता. काठावर उभे राहून पिंप ढकलणाऱ्याचे काय होईल, हा विचार दैवावर सोडलेला दिसतो.

आमचे भाऊ म्हणत होते ते याहून वेगळे नव्हते. सरकारला सुचले तेच त्यांना सुचले.

विहिरीत काय झाले असते

बाटलीत वीसेक ग्रॅम सोडियम होता. एक ग्रॅम सोडियमची पाण्याशी क्रिया पूर्ण झाली की सुमारे अर्धा लिटर हायड्रोजन निघतो. वीस ग्रॅममधून जवळजवळ दहा लिटर. उष्णतेचे म्हणाल तर, वीस ग्रॅममधून निघणारी उष्णता अर्धा लिटर गार पाणी उकळीला आणायला पुरते. आकडे ऐकायला फार मोठे नाहीत. पण ही सगळी उष्णता काही सेकंदांत, मुठीएवढ्या जागेत बाहेर पडते. सोडियम ९८ अंश सेल्सिअसलाच वितळतो. वितळला की गोळा होऊन पाण्यावर धावू लागतो, कारण तो पाण्यापेक्षा किंचित हलका आहे. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असले तरी ते मिश्रण पेटू शकते. विहिरीसारख्या अरुंद, चारी बाजूंनी बंद जागेत आणि वर काठावरून वाकून पाहणारा माणूस, अशी ती मांडणी झाली असती.

बरीच वर्षे असे शिकवले जाई की स्फोट होतो तो हायड्रोजन पेटल्यामुळे. ते अर्धेच खरे आहे. २०१५ साली प्राग येथील फिलिप मेसन, पावेल युंगवीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रणाचा थेंब पाण्यावर सोडला आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात त्या थेंबातून सर्व बाजूंनी काटे फुटताना दिसले. धातूतले इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागे उरलेल्या धनभारित अणूंचे एकमेकांशी पटेनासे होते. ते एकमेकांना ढकलतात आणि थेंब फाटतो. फाटला की नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि क्रिया आणखी वेग घेते. हायड्रोजन पेटण्याआधीच स्फोटाची तयारी झालेली असते. 'आगकाडी जवळ नाही, मग भीती कसली?' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

त्या दुपारी

मी एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केला. विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रंग कसा आहे? पांढरा की पिवळा?"

प्रश्नाचा रोख मला नंतर कळला. सोडियम हवेत उघडा पडला की त्यावर पांढरा थर येतो. तो असतो सोडियम हायड्रॉक्साइडचा, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुढे कार्बोनेटचा. म्हणजे बाटलीतल्या त्या वरच्या ढेकळावर लोणारची पापडीच धरली होती. पण त्याचा भाऊबंद पोटॅशियम जुना झाला की त्यावर पिवळा-नारिंगी थर चढतो. त्यात सुपरऑक्साइड असते. असे ढेकूळ सुरीने कापायला गेले तर सुरीखालीच स्फोट होऊ शकतो. पिवळा थर दिसला असता तर बाटलीला हातच लावायचा नव्हता. खोलीला कुलूप घालून, अशा कामाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञालाच बोलवायचे होते.

थर पांढरा आहे म्हटल्यावर ते स्वतः आले. येताना कोरडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, इथेनॉल आणि नायट्रोजनचे छोटे सिलिंडर घेऊन आले. २०२० साली करोनाच्या काळात आपण हातावर जे सॅनिटायझर चोळत होतो, त्यांतल्या एका प्रकारात हेच आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. पण सॅनिटायझर इथे चालत नाही, हे त्यांनी लगेच सांगितले. त्यात सुमारे चौथा हिस्सा पाणी असते, आणि सगळी खटपट तर पाणी दूर ठेवण्यासाठीच चाललेली.

त्यांनी सुती कोट घातला, डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल लावली. शेजारच्या खोलीतले गॅसचे बर्नर बंद करवले. पाण्याची बादली उचलून लांब ठेवायला सांगितली आणि तिच्या जागी कढईत तापवून निववलेल्या कोरड्या वाळूचे घमेले ठेवले. महाविद्यालयातले धूर ओढून घेणारे कपाट बंद पडलेले होते, म्हणून जागा निवडली ती मागच्या उघड्या व्हरांड्याची. भाऊ हे सगळे पाहत होते. म्हणाले, "सर, आग इझवाची तयारी अन् पानीच नाही?" सर हसले. म्हणाले, "आज पाणी सगळ्यात शेवटी."

ढेकूळ चिमट्याने काढून, रॉकेल टिपून, कोरड्या सुरीने हरभऱ्याएवढे तुकडे केले. कापलेली बाजू आरशासारखी चकाकायची आणि पाहता पाहता काळवंडायची. नायट्रोजनची मंद धार सोडलेल्या चंबूत भरपूर आयसोप्रोपिल अल्कोहोल होते. त्यात एक तुकडा टाकला. मी स्फोटाच्या तयारीने दोन पावले मागे सरलो होतो, पण तुकड्याभोवती नुसते बारीक बुडबुडे उठू लागले, सोड्याच्या बाटलीत उठतात तसे. तो पूर्ण विरघळेपर्यंत दुसरा टाकला नाही. चंबू हाताला कोमट लागला की थांबायचे, निवला की पुढचा तुकडा.

अल्कोहोलच्या रेणूतही पाण्यासारखाच ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन असतो. सोडियम त्यालाच इलेक्ट्रॉन देतो. पण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तो हायड्रोजन सोडायला रेणू सहज तयार नसतो, शिवाय बाजूला कार्बनच्या गटांची गर्दी असते. म्हणून देवघेव मंदावते. इथेनॉल त्याहून चपळ, मिथेनॉल त्याहून, आणि पाणी सर्वांत. शांत करण्याचा क्रमही हाच.

दोन तासांनी चंबूत पांढरी दाट खीर जमली. बुडबुडे थांबले होते. मला वाटले, झाले. सरांनी मान हलवली. या खिरीत एखादा तुकडा वेढला जाऊन अडकला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. वर शांत, आत जिवंत. बहुतेक अपघात घडतात ते याच क्षणी, कारण इथेच माणसाला पाणी ओतण्याचा मोह होतो. त्यांनी आणखी अल्कोहोल घालून खीर पातळ केली, ढवळली, मग थोडे थोडे इथेनॉल घातले. एका बाजूने पुन्हा बुडबुड्यांची माळ उठली. ती थांबेपर्यंत आम्ही चहा घेतला. बऱ्याच वेळाने पाण्याचा पहिला थेंब टाकला. काही झाले नाही. दुसरा टाकला. मग धार. शेवटी सौम्य आम्ल घालून, कागदाचा रंग पाहून, द्रावण उदासीन केले. आता त्यात मीठ, पाणी आणि अल्कोहोल उरले होते. अल्कोहोल असल्यामुळे तेही मोरीत न ओतता डब्यात भरून, लेबल लावून ठेवले.

विहिरीत जे काही सेकंदांत उरकले असते त्याला चार तास लागले. हायड्रोजन निघाला तो तेवढाच, दहा लिटर. उष्णताही कमी-अधिक तेवढीच.

प्रत्येकाची रीत वेगळी

सोडियम हा या कुळातला सर्वांत ओळखीचा. बारावी आणि बी.एस्सी.च्या वर्गांत तो येतो तो लासेन यांच्या १८४३ सालच्या परीक्षेसाठी. सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक किंवा क्लोरीन आहे का, हे पाहण्यासाठी तो पदार्थ सोडियमच्या बारीक तुकड्याबरोबर काचेच्या छोट्या नळीत तापवून लाल करतात आणि ती नळी तशीच पाण्याच्या बशीत बुडवून फोडतात. नळीत उरलेला सोडियम त्याच वेळी पाण्याला भेटतो. बशीवर लगेच तारेची जाळी झाका असे शिक्षक ओरडून सांगतात ते याचसाठी. इथे सोडियम मोहरीपेक्षा थोडा मोठा असतो म्हणून निभावते. रीत बदलते ती मात्रेनुसार, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागते. एरवी 'सोडियम पाण्यात टाकायचाच असतो' एवढाच धडा लक्षात राहतो.

पुढे एम.एस्सी.ला किंवा औषधांच्या कारखान्यात गेलेल्या मुलांची गाठ या कुळातल्या बलवान मंडळींशी पडते. त्यांतले एक लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड. शिकागो विद्यापीठातल्या श्लेसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली ते जगासमोर आणले. ही करडी पूड पाण्याशी सोडियमपेक्षाही आडदांडपणे वागते. एका ग्रॅममधून दोन लिटरहून अधिक हायड्रोजन निघतो. प्रयोग झाल्यावर उरलेले हायड्राइड शांत करण्यासाठी चंबू बर्फात ठेवून, नायट्रोजनखाली, आधी इथाइल ॲसिटेट थेंबाथेंबाने घालतात. या पदार्थाशी क्रिया होताना हायड्रोजन निघतच नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरी एक रीत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लुई फीझर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती पाढ्यासारखी पाठ होते. मूळ हायड्राइड जितके ग्रॅम घेतले असेल तितके मिलिलिटर पाणी. मग तितकेच १५ टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण. मग तिप्पट पाणी. पहिले पाणी थेंबाथेंबाने आणि चंबू पुरता गार असताना. हे प्रमाण पाळले तर ॲल्युमिनियमचे क्षार रवाळ होऊन सहज गाळले जातात. चुकले तर चिकट लगदा होतो आणि त्यात हायड्राइड अडकून बसते. या पाढ्यात पाणी पहिल्याच ओळीत आहे, मग 'पाणी शेवटी' कुठे गेले? इथे घाईला आवर आहे तो मोजलेल्या थेंबाचा, बर्फाचा आणि भोवतीच्या भरपूर इथरचा. कोरड्या पुडीवर तेच थेंब टाकणे म्हणजे आग लावणे.

सोडियम बोरोहायड्राइड स्वभावाने सौम्य. साध्या पाण्यात ते हळूहळूच विघटते. त्यामुळे माणूस गाफील राहतो. ते आम्लाने शांत करतात, आणि आम्ल भरभर घातले की कोंडलेला सगळा हायड्रोजन फेसासकट एकदम वर येतो. एका ग्रॅममागे दोन लिटरहून थोडा जास्त वायू, हे प्रयोगशाळेत ठीक. पण कारखान्यात दहा किलोंना हाच हिशेब तेवीस हजार लिटरच्या पुढे जातो. शिवाय छोटा चंबू हवेत पटकन निवतो, मोठी टाकी निवत नाही. चंबूत पाच मिनिटांत केलेले काम टाकीत पाच तास घेते, आणि घेऊ द्यावे लागते. घाईच्या पाळीत नेमका हाच वेळ वाचवावासा वाटतो.

याउलट रेनी निकेल. १९२० च्या दशकात मरी रेनी यांनी वनस्पती तेलांत हायड्रोजन मिसळण्यासाठी हा उत्प्रेरक बनवला. वापरून झाल्यावर तो कोरडा पडला तर हवेतच पेटतो. म्हणून तो सतत ओला ठेवायचा. म्हणजे एका बाटलीला पाणी दाखवायचे नाही आणि शेजारच्या बाटलीचे पाणी आटू द्यायचे नाही. सर्वांना लागू पडणारा एकच नियम पाठ करून इथे भागत नाही. बाटलीत काय आहे ते माहीत असावे लागते. झुरळांनी खाल्लेले लेबल म्हणूनच धोकादायक.

घात कुठे होतो

एवढे करूनही आग लागलीच तर? कार्बन डायऑक्साइडचे लाल नळकांडे बहुतेक प्रयोगशाळांत टांगलेले असते. ते सोडियमच्या आगीवर चालत नाही. पेटलेला सोडियम त्या वायूतलाही ऑक्सिजन ओढून घेतो. पाणी आणि फेस तर दूरच. लागते ती कोरडी वाळू, धातूंच्या आगीसाठी मिळणारी खास पूड, किंवा कोरडा धुण्याचा सोडा. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, लोणारच्या खारातला मुख्य पदार्थ. अशांत सोडियमची आग शांत झालेल्या सोडियमने झाकायची.

कपड्यांचेही तसेच. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी सांगजी ही तेवीस वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेटणारे लिथियमचे एक संयुग पिचकारीने ओढत होती. पिचकारीचा दट्ट्या निसटला. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. तो पेटला. अठरा दिवसांनी ती गेली. त्या घटनेनंतर अमेरिकेत विद्यापीठांच्या प्रयोगशाळांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कापूस पिकवणाऱ्या आमच्या वऱ्हाडात प्रयोगशाळेच्या तासाला मुली नायलॉनची ओढणी घेऊन उभ्या असतात, तेव्हा मला तो स्वेटर आठवतो. सुती कोटाची किंमत फार नसते.

आपल्याकडे २०१६ चे घातक कचऱ्याविषयीचे नियम आहेत. बुटीबोरी, रांजणगाव, तळोजे येथे अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. ही व्यवस्था कारखान्यांच्या टनांच्या हिशेबाने उभी राहिली. वीस ग्रॅमची बाटली घेऊन धाडहून तिथे कोण जाणार? गावोगावच्या महाविद्यालयांत अशा बाटल्या मागच्या फळीवर आहेत, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यापीठ-संलग्न महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने वर्षातून एक दिवस ठरवून अशा बाटल्यांची यादी मागवावी आणि जाणकार माणसाने त्या त्या ठिकाणी जाऊन त्या शांत कराव्यात. स्वस्त पडते म्हणून अर्धा किलोची बाटली घेण्याऐवजी लागेल तेवढाच सोडियम घ्यावा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. रॉकेल किती उरले हे दर सत्राला पाहावे. आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत कृती, निरीक्षण, अनुमान यांच्याखाली आणखी एक ओळ असावी: उरलेल्याचे काय केले.

ही ओळ आपल्या पाठ्यपुस्तकांत नसते. तिथे प्रयोग अनुमानापाशी संपतो. बशा धुणारे, बाटल्या उचलणारे, खोली झाडणारे भाऊ आणि मावशी यांचे काम मात्र त्यानंतर सुरू होते, आणि उरलेला पदार्थ भेटतो तो त्यांना. वर्गात बसून सोडियमचे गुणधर्म शिकलेला माणूस विहिरीकडे जात नाही. जातो तो, ज्याला कोणी ते सांगितले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सरांनी रिकामी बाटली इथेनॉलने विसळली, बराच वेळ तशीच ठेवली, आणि मग ती भाऊंच्या हातात दिली. "आता धुवा," ते म्हणाले. भाऊंनी एकदा बाटलीकडे पाहिले, एकदा सरांकडे, आणि हात लांब धरून तिच्यात नळाचे पाणी सोडले. काही झाले नाही. बाटली खिडकीत पालथी घातली. मग त्यांनी साठ्याची नोंदवही मागून घेतली आणि सोडियमच्या नावापुढे, ज्या रकान्यात इतकी वर्षे कोणी काही लिहिले नव्हते तिथे, तारीख घालून लिहिले: शिल्लक ० ग्रॅम.